उघडा हप्ता

"साहेब, या हप्त्याला तुमचं कव्हरच नाहीये. आजच्याच भावाने घेऊ ना डॉलर?" बँकेचा डीलर म्हणाला आणि खोकला. दोन ठोक्यांचा कोरडा खोकला, दारावर टिचकी मारावी तसा. कंपनीचे परदेशी हप्ते सांभाळणारा तो अकरा वर्षं या डीलरशी जवळजवळ रोज बोलत आला होता. पण डीलरचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि आता पाहावंसंही वाटत नव्हतं. "नीट बघा जरा," तो म्हणाला. पलीकडे संगणकाच्या कळा वाजल्या, लांब कुणीतरी हसलं, पुन्हा कळा वाजल्या. "बघितलं साहेब. मागच्या हप्त्याचं होतं, ते तेव्हाच वापरलं गेलं. याचं काही बुकच झालेलं नाही." मग डीलरने घरच्या माणसासारखा आवाज खाली घेतला. "पण नशीब काढलंत हं. भाव केवढा पडलाय. कव्हर घेऊन बसला असतात तर आज कपाळाला हात लावला असतात." तो हं म्हणाला. आजच्या भावाने घ्या, म्हणाला. फोन जागेवर ठेवला. टेबलावरच्या काचेला तळवा टेकला होता, तो तिथेच राहिला. काच गार होती, एवढंच त्याला कळलं. चूक झाली आहे, मोठी झाली आहे, आणि ती आपल्या हातून झाली आहे, ही तीन वाक्यं डोक्यातून गेली, रस्त्यावरून तीन अनोळखी माणसं जावीत तशी, आणि पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली.

असं होऊ नये एवढ्यासाठीच त्याला पगार मिळत होता. कंपनी औषधाच्या बाटल्या करायची. अकरा वर्षांपूर्वी काचेची भट्टी परदेशातून आणली, आणि तिच्यासाठी कर्जही परदेशातूनच काढलं. बाटल्या विकायच्या इथे, इथल्या पैशांत. हप्ता भरायचा डॉलरमध्ये, दर सहा महिन्यांनी. मधल्या काळात डॉलर चढला की बाटली तीच, झाकण तेच, आणि हप्ता मात्र फुगलेला. म्हणून हप्त्याच्या चार महिने आधी तो बँकेला फोन करून भाव पक्का करून टाकायचा. मग डॉलर आभाळाला भिडो नाहीतर पाताळात जावो, कंपनीला तोच भाव. याला कव्हर घेणं म्हणायचे, आणि ज्याला कव्हर नाही तो हप्ता उघडा. कर्जावरचं व्याजही तसंच, दर सहा महिन्यांनी तिकडच्या बाजाराप्रमाणे हलणारं. तेही त्याने दुसऱ्या एका बँकेशी करार करून एका दरावर बांधून घेतलं होतं. अशा दोन गाठी, एक चलनाची आणि एक व्याजाची. त्या मारून ठेवायच्या आणि सुटल्या तर नाहीत ना, हे रोज सकाळी चाचपून बघायचं. या पक्केपणाची बँक किंमत घ्यायची, आणि डॉलर पडला की ती किंमत ऑफिसात सगळ्यांना टोचायची. त्याला छत्रीवाले म्हणत. काय छत्रीवाले, आज ऊन का ढग, असं लिफ्टमध्येसुद्धा विचारत, आणि तो हसायचा, कारण न हसलं तर ते पुन्हा विचारतील. उघडा हप्ता ठेवायचा नाही, हा नियम कंपनी काढणाऱ्या थोरल्या साहेबांचा. थोरल्यांचा संगणकावर विश्वास नव्हता, म्हणून कव्हर घेतलं की जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये हाताने नोंद करायची, तारीख, वेळ, रक्कम, भाव, सही. आणि बँकेचा कागद आला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तो नोंदीशी ताडून लाल पेनने बरोबरची खूण करायची. बाई बोलतानाही दर वाक्याला बरोबर म्हणत. त्यामुळे त्यांचं नाव बरोबरबाई पडलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यालाही त्या बरोबर म्हणत.

त्याने रजिस्टर काढलं आणि चार महिने मागे गेला. नोंद होती. त्याचं अक्षर होतं, ओळीवर नीट बसलेलं, शून्यं गोल. वेळ अकरा पस्तीस. शेजारी लाल खूण. क्षणभर त्याला वाटलं, बँकेचंच चुकलं, आता डीलरला फोन करून झाडावं. मग त्याची नजर तारखेवर गेली आणि तिथेच राहिली. ताई गेली ती तारीख.

त्या सकाळची एकेक गोष्ट त्याला आठवत होती, हीच पंचाईत होती. अकराच्या सुमाराला त्याने डीलरला नुसता भाव विचारला आणि पंधरा मिनिटांत पक्कं करतो म्हणून सांगितलं. अकरा वीसला भाच्याचा फोन आला. भाचा आधी नुसतं मामा म्हणाला. मागे नळ वाहत होता. "मामा, आई गेली. सकाळीच." आणि तो "बरं" म्हणाला. हा शब्द पुढे चार महिने त्याच्या तोंडात फळाच्या बीसारखा घोळत राहिला होता, गिळताही येईना, थुंकताही येईना. बरं. मग त्याने भाच्याला तू काही खाल्लंस का असं विचारलं, संध्याकाळच्या गाडीने निघतो म्हणाला, आणि फोन ठेवला. खाली फरशी पुसणारी बाई ओल्या फडक्याने दाराकडे सरकत होती. आता पाय ठेवू नका हं साहेब, म्हणाली. त्यानंतर, हेही त्याला स्वच्छ आठवत होतं, त्याने डीलरला फोन लावला. डीलर खोकला. डीलरने भाव सांगितला. तो "घेतलं" म्हणाला आणि नोंद केली. म्हणजे ज्या बहिणीने त्याला वाढवलं ती गेल्याचं कळल्यावर पंधराव्या मिनिटाला त्याने डॉलर घेतले होते, आणि शून्यं गोल काढली होती.

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ताई सोळाची. वडील फिरतीच्या नोकरीवर. आले की पाहुण्यासारखे बसायचे, गेले की घर सैल व्हायचं. ताई शिंप्यांकडून शर्ट आणून त्यांना काजं करायची आणि बटणं लावायची. तिची नजर जवळची कच्ची, त्यामुळे सुईत दोरा ओवायचं काम त्याचं. दोरा ओठात धरून ओला करायचा, टोक दातांनी चापट करायचं; खळ घातलेल्या दोऱ्याची ती बोथट चव त्याला अजून कधीकधी दुपारी, काही कारण नसताना, जिभेवर यायची. तो ओवून द्यायचा आणि अभ्यास करायचा, ती काज करता करता त्याचे पाढे ऐकायची, आणि चुकला की सुईचा मागचा भाग त्याच्या गुडघ्यावर टोचायची. त्याला नोकरी लागल्यावर मग तिने लग्न केलं, दुसऱ्या गावी गेली, इतक्या उशिरा की लोक हसले. पुढची तीस वर्षं तो तिला दर रविवारी फोन करत असे. चार मिनिटं. तब्येत कशी आहे, बरी आहे. पोरगा काय करतो, असतो आपला. तू जेवतोस ना वेळेवर, हो. चार मिनिटांच्या वर एकदाही गेला नाही. हे त्याला आता कळलं असं नाही, तेव्हाही कळत होतं.

ऑफिसात नुसतं घरचं काम आहे म्हणून तो निघाला. तिच्या घरी सगळे रडत होते आणि तो कामं करत होता. कुणाकुणाला कळवलं याची यादी त्याने केली, पाण्याच्या कळशा भरून घेतल्या, खुर्च्यांचे पैसे दिले, गाड्यांच्या वेळा विचारून ठेवल्या. काय खंबीर माणूस आहे, असं कुणीतरी मागे बोललं, आणि बायकोने त्याच्याकडे पाहिलं. परतीच्या प्रवासात ती हळूच म्हणाली, "रडून घ्या हो. इथे कोणी ओळखीचं नाही." तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर तारा वरखाली होत होत्या. फोन आल्यावर काय केलंत मग, तिने विचारलं. काम केलं, तो म्हणाला, कव्हर घ्यायचं होतं. डब्याचं झाकण उघडून तिने त्याच्यापुढे धरलं आणि त्याने खाल्लं. तेव्हापासून आजपर्यंत तो खात होता, झोपत होता, दाढी करत होता. सकाळी देवापुढे उभा राहून हात जोडायचा, त्या जोडलेल्या हातांकडे बघायचा, आणि ऑफिसला निघायचा. आपण दगड आहोत, हे त्याने कुणाशी वाद न घालता मान्य करून टाकलं होतं, चष्म्याचा नंबर वाढल्याचं मान्य करावं तसं. त्याचा पुरावा रजिस्टरमध्ये होता, अकरा पस्तीस.

त्याने डीलरला परत फोन लावला आणि त्या तारखेचं रेकॉर्डिंग बघाल का म्हणून विचारलं, कारण बँकेत हा प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होतो. डीलरने आढेवेढे घेतले, वरिष्ठांना विचारावं लागेल म्हणाला, आणि मग जुनं गिऱ्हाईक म्हणून वीस मिनिटांनी स्वतःच फोन केला. "अकरा पाचला तुमचा फोन आहे, साहेब. भाव विचारलात, पंधरा मिनिटांत करतो म्हणालात. त्यानंतर तुमचा फोनच नाही. दिवसभर नाही." तो थांबला, खोकला. "बारा वाजता मीच केला होता. तुमच्या टेबलावरच्या नंबरावर. दोनदा. उचलला नाहीत. मला वाटलं, छत्रीवाले आज दुसऱ्या दुकानात गेले."

फोन ठेवल्यावर तो त्या फोनकडेच बघत राहिला. काळा, जुना, कोपऱ्यावर टवका उडालेला. तो त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होता, तेव्हाही तिथेच होता. बारा वाजता तो दोनदा वाजला होता आणि खुर्चीत बसलेल्या माणसाने तो ऐकला नव्हता. मग अकरा वीसनंतर तो काय करत होता? त्याला आठवत होता तो खोकला कुठल्या दिवसाचा? अकरा वर्षांत हजारदा ऐकलेला खोकला त्याच्या डोक्याने उचलून त्या रिकाम्या जागेत आणून ठेवला होता, आणि सकाळचा भाव हाताने आपणहून लिहिला होता, आणि तो स्वतः तिथे नव्हताच. किती वेळ नव्हता हे सांगायला आता कोणी नव्हतं. अर्धा तास असेल, दोन तास असतील. या खुर्चीत बसून, डोळे उघडे ठेवून, वाजणाऱ्या फोनशेजारी. चार महिन्यांत पहिल्यांदाच आत काहीतरी हललं. दुःख म्हणावं असं ते नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर बधिर झालेल्या पायात आधी मुंग्या येतात, तसं काहीतरी, नकोसं, जवळजवळ हसू आणणारं. त्याने घाईघाईने रजिस्टर मिटलं, कुणी बघितलं तर काढून नेईल अशा भीतीने.

तेवढ्यात वरून बोलावणं आलं. थोरल्या साहेबांचे चिरंजीव, धाकटे साहेब, खुर्चीतून उठून दारापर्यंत आले, असं पूर्वी झालं नव्हतं. बँकेचा संदेश त्यांच्या मोबाइलवर येत असे. हप्ता कुठल्या भावाने गेला ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि त्याच्या दंडाला धरून बसवलं. मग बराच वेळ तेच बोलत होते. बाबांच्या नियमाने कंपनीने इतक्या वर्षांत किती पैसे बँकांच्या घशात घातले त्याचा हिशोब त्यांना तोंडपाठ होता. आणि त्यांना एवढी वर्षं वाटायचं की छत्रीवाले म्हणजे बाबांचाच माणूस. "आणि तुम्ही काय केलंत? रजिस्टरला कव्हर दाखवलंत आणि आत हप्ता उघडा ठेवलात. बाबांना पत्ता नाही, बँकेला पत्ता नाही, मला पत्ता नाही. मानलं तुम्हाला. छातीच लागते याला." तो काही बोलला नाही, आणि धाकट्या साहेबांना ते फार आवडलं. चार वाजता त्यांनी बैठक ठेवली होती. राहिलेले आठही हप्ते उघडे ठेवायचे, डॉलर अजून पडणार असं सगळे म्हणतात. व्याजाचीही गाठ सोडायची, करार मोडायला काय दंड पडेल तो पडू दे, दर खाली चाललेत. थोरले साहेब आता नुसती सही करतात, पण त्यांना एकच गोष्ट पटते, ती म्हणजे करून दाखवलेली. "तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसा. बोलू नका तरी चालेल. आणि निवृत्तीचं काय ते, दोन वर्षं राहिलीत ना, ते विसरा. तुम्हाला मी सोडत नाही."

जिन्याने खाली उतरताना त्याला जाणवलं की आपल्याला घाम आलेला नाही, छाती धडधडत नाही, आणि पाय आपोआप भट्टीकडे चाललेत. भट्टीच्या शेडमध्ये आवाज एवढा, की माणसाला स्वतःचा विचारही ओरडून करावा लागतो. लाल थेंब वरून सुटत, साच्यात पडत, आणि बाटली होऊन पट्ट्यावर येत. अजून आतून नारिंगी असलेल्या बाटल्यांची रांग, एकामागे एक, शाळेतल्या मुलांसारखी. भट्टीचा जुना मिस्त्री त्याला बघून जवळ आला. आज इकडे कुठे, ऊन शेकायला का, त्याने विचारलं. तो म्हणाला, सहज. मग तोंड मिस्त्रीच्या कानाजवळ नेऊन त्याने विचारलं, ही महिनाभर बंद ठेवावी लागली तर काय होतं? कुणाच्या घरी जाऊन म्हातारी कधी जाणार असं विचारणाऱ्याकडे पाहावं, तसं मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. "बंद ठेवत नाहीत हिला. आतली काच थिजते. मग फोडून काढावी लागते, भिंतींसकट. नवी भट्टी घेतल्यासारखंच ते." आणि परत आपल्या काचेच्या झरोक्याकडे गेला, डोळ्यांवर निळी काच धरून.

त्याने दरवर्षी लिहिलेलं ते अहवालातलं पान त्याला पाठ होतं. डॉलर दहा टक्के चढला आणि व्याज एक टक्का चढलं, दोन्ही गाठी सुटलेल्या असताना, तर एका हप्त्यात रात्रपाळीच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी भर पडते. दोनदा तसं झालं, तर रात्रपाळीच बंद होते, आणि रात्रपाळी बंद म्हणजे भट्टी बंद. हे त्याला चार वाजता शांतपणे मांडता आलं असतं, आकड्यांत, सभ्यपणे. धाकटे साहेब हसले असते. तुम्हीच करून दाखवलंत की, म्हणाले असते. त्याच्या प्रत्येक आकड्याला त्याचाच उघडा हप्ता उत्तर होता. म्हणजे सांगायचं तर खरंच सांगावं लागणार. आणि खरं म्हणजे खोटी नोंद. खोटी नोंद म्हणजे नोकरी जाणार, दोन वर्षं आधी, निवृत्तीच्या लाभांसकट कदाचित. दुसरीकडे गप्प बसणं फार सोपं होतं. गप्प बसायला त्याला आता काही करावंच लागत नसे. पट्ट्याजवळ उभा राहून तो बाटल्या बघत होता आणि गप्प बसण्याच्या बाजूने एकेक कारण त्याच्या मनात येत होतं, आणि सगळी चांगली होती. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. डॉलर खरंच पडतही राहिला असता. एकच गोष्ट अडत होती, आणि ती इतकी लहान होती की बैठकीत बोलून दाखवायची लाज वाटावी. तो गप्प बसला की ती सकाळ त्याच्या छातीची गोष्ट होणार होती. बारा वाजता वाजलेला आणि न उचललेला फोन, ते सगळं धाडस म्हणून लिहिलं जाणार होतं. आणि ताईच्या दुःखाचं म्हणून त्याच्याकडे त्याखेरीज काहीही नव्हतं.

टेबलाशी परत आला तेव्हा बरोबरबाई उभ्याच होत्या, रजिस्टर छातीशी धरून. रेकॉर्डिंगची विचारपूस त्यांच्या कानावर गेली होती. त्या फार हळू बोलल्या. बँकेचे कागद तेव्हा गठ्ठ्याने येत होते, त्या मागे पडल्या होत्या, आणि त्याची नोंद अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती म्हणून त्यांनी कागद न बघता खूण केली होती. त्यांना वाटत होतं, वरून आता दोघांची हजेरी घेतली जाणार. तो म्हणाला, वर सगळे खूश आहेत. बाई म्हणाल्या, "खूश?" आणि बरोबर म्हणायला विसरल्या.

चारला अजून दहा मिनिटं असताना तो धाकट्या साहेबांच्या खोलीत गेला. थोरले अजून यायचे होते. उभ्यानेच म्हणाला, "साहेब, मी हप्ता उघडा ठेवला नव्हता. कव्हर घ्यायचं राहिलं. राहिलं हेसुद्धा मला आज सकाळी कळलं."

धाकटे साहेब हसले. दार बंद आहे, मला सांगायला काय हरकत आहे, म्हणाले.

"माझी बहीण गेली होती. फोन करणार तेवढ्यात ती गेल्याचा निरोप आला. मी घेतलं असं समजून नोंद केली, आणि घेतलंच नव्हतं."

"म्हणजे विसरलात."

त्याने विचार केला. या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं होतं. "विसरलो असंही नाही," तो म्हणाला. "मी इथे नव्हतो. खुर्चीत होतो, पण नव्हतो."

धाकटे साहेब बराच वेळ पेनचं टोपण काढत आणि लावत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरताना दिसत होती, आधी हसू, मग अविश्वास, मग त्यांनी मनात काही आकडे मांडले असावेत, कारण त्यांचे ओठ हलले. त्या दिवसापासून डॉलर चढला असता तर, त्यांनी विचारलं, त्याने रक्कम सांगितली, आणि ते खुर्चीत मागे टेकले. "मी बाबांना फोनवर सांगून बसलोय," ते म्हणाले, आणि हे बोलताना ते एकदम लहान मुलासारखे दिसले, त्याला वाईट वाटलं त्यांचं. पण बैठकीत त्यांनी हप्ते उघडे ठेवायचा विषय काढला नाही. दुसऱ्याच्या धाडसावर उभं राहायला ते तयार होते. नुसत्या योगायोगावर त्यांना उभं राहवेना. आठ हप्त्यांना कव्हर घ्यायचं ठरलं, नेहमीसारखं, आणि व्याजाचा करार जिथे होता तिथे राहिला. त्याच्याबद्दलचा निर्णय त्यांनी बैठकीनंतर दारात उभ्यानेच सांगितला, त्याच्याकडे न बघता. उद्यापासून बँकेला फोन तो करणार नाही, बरोबरबाई करतील. तो गोदामाच्या हिशोबाला जाईल, खालच्या हुद्द्यावर. रीतसर पत्र मिळेल, आणि पत्रात खोट्या नोंदीचा उल्लेख असेल. निवृत्तीचं मग काय होईल ते मग बघू. तो हो म्हणाला. धाकटे साहेब दोन पावलं गेले आणि मागे वळले. "गप्प बसला असतात तरी चाललं असतं की," ते म्हणाले. रागाने नाही, त्यांना खरंच समजत नव्हतं.

ऑफिसातली माणसं निघायला लागली होती. खुर्च्या सरकल्याचे आवाज, ड्रॉवरच्या किल्ल्या. लिफ्टजवळून कुणीतरी ओरडून विचारलं, छत्रीवाले, मग आज ऊन का, आणि त्याने नेहमीसारखा हात हलवला. मग रजिस्टर उघडून तो नोंद दुरुस्त करायला बसला. चुकलेली नोंद खोडायची नसते; खालचं वाचता येईल अशी एकच रेघ ओढायची, शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं, आणि दोघांनी सह्या करायच्या. त्याने पट्टी धरून रेघ ओढली. रकाना बोटभर रुंद होता. अक्षर लहान करून त्याने लिहिलं, फोन केला नव्हता, आणि थोडं थांबून त्याखाली लिहिलं, त्या वेळी बहीण गेल्याचं कळलं. सही केली आणि रजिस्टर बाईंपुढे सरकवलं.

बरोबरबाईंनी चष्मा लावून वाचलं. आधी आपल्या लाल खुणेवर एक रेघ ओढली, तिथे सही केली. मग त्या रकान्यावर बोट ठेवून बसून राहिल्या. तारीख वाचली, आणि बहुतेक मनातल्या मनात महिने मोजले.

"चार महिने मी तुमच्या शेजारी बसतेय," त्या म्हणाल्या.

"हो."

"मोठ्या का धाकट्या?"

"मोठी. बारा वर्षांनी."

बाईंनी सही केली, पेनला टोपण लावलं, पण रजिस्टर मिटलं नाही. पर्स उचलून खांद्याला लावली होती, ती पुन्हा टेबलावर ठेवली. खुर्ची त्याच्याकडे ओढून घेतली. "कशा होत्या हो?" त्यांनी विचारलं.

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. काय झालं होतं, किती दिवस आजारी होत्या, पोरगा काय करतो, हे तिथे भेटायला आलेल्या सगळ्यांनी विचारलं होतं. त्याने सांगायला तोंड उघडलं. तिने मला वाढवलं, शिकवलं, उशिरा लग्न केलं, अशी वाक्यं तयार होती, धुवून वाळवून घड्या घातलेली, आणि त्यातलं एकही ओठांवर आलं नाही.

"बेसूर," तो म्हणाला.

"अं?"

"गायची सारखी. काम करता करता, देवाची गाणी. गळ्यात सूर म्हणून नव्हता. शेजारचे भिंतीवर ठोकायचे, बंद करा म्हणून."

"मग? थांबायच्या?"

"छे. अजून मोठ्यांदा." त्याचा हात टेबलावर आपोआप भिंत ठोकल्यासारखा दोनदा पडला. "मला म्हणायची, बघ, ताल धरतायत," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला बोलता येईना.